पीडीएफच्या तळाशी कमिटचा हॅश छापायचा, माझा अनुभव

पीएचडीचा थिसिस लेटेकमध्ये लिहितेय (साध्या फाइलीत कमांड लिहून त्यातून पीडीएफ बनवायची पद्धत), गिटमध्ये ठेवलाय, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्यात जपलेली प्रत्येक आवृत्ती म्हणजे कमिट, आणि तिची ओळख सांगणारी अक्षरं-आकड्यांची माळ म्हणजे हॅश. आमचे सर डोंबिवलीला राहतात, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की प्रिंट काढून लाल पेनाने करेक्शन सुरू, आणि बॅगेत एकाच चॅप्टरच्या जुन्यानव्या प्रिंट सगळ्या एकत्र. मग सांगणार, अगं पान ४२ वरचं समीकरण अजून तसंच आहे, आणि माझ्याकडे पान ४२ वर समीकरणच नाही! पहिल्या पानावर तारीख असते, पण ती टुडे कमांडने आलेली, म्हणजे पीडीएफ कधी बनवली ते कळतं, मजकूर कधीचा ते नाही. म्हणून प्रत्येक पानावर कमिटचा हॅशच छापायचं ठरवलं.

एक सीनियर म्हणाला आमच्या वेळी सबव्हर्जन होतं (गिटसारखाच आधीचा प्रोग्रॅम), फाइलमध्ये डॉलर आयडी डॉलर लिहून कीवर्ड ऑन केला की रिव्हिजन नंबर आपोआप भरायचा. गिटमध्ये तसं जमत नाही, कारण कमिटचा हॅश काढताना फाइलींचा मजकूरही धरला जातो, तो त्याच फाइलीत लिहायला गेलात की मजकूर बदलला आणि हॅशही बदलला. गिटमध्ये आयडेंट म्हणून एक सोय आहे पण ती त्या एका फाइलीचा हॅश देते, कमिटचा नाही, काय करायचाय तो.

मग गिटची माहिती पीडीएफमध्ये छापणारं लेटेकचं गिटइन्फो२ पॅकेज घेतलं. नुसतं यूजपॅकेज लिहून भागत नाही, पोस्ट-कमिट, पोस्ट-चेकआउट आणि पोस्ट-मर्ज हे तीन हुक (गिट ठरावीक वेळी आपोआप चालवतं त्या छोट्या स्क्रिप्ट) डॉट-गिटमधल्या हुक्स फोल्डरात हाताने टाकायचे, त्यांना एक्झिक्यूट परमिशन द्यायची, मग प्रत्येक कमिटला एक छोटी फाइल तयार होते आणि पॅकेज तिच्यातून वाचतं. मार्क ऑप्शन दिला की प्रत्येक पानाच्या तळाशी ब्रँच (कामाच्या शाखेचं नाव), छोटा हॅश, तारीख. मस्त दिसतं. लॅबच्या मशीनवर क्लोन केलं, म्हणजे गिटमधून सगळ्याची प्रत घेतली, तर काहीच येईना, कारण क्लोनसोबत हुक येतच नाहीत, तिथे परत टाकावे लागले.

पण खरी गोची वेगळीच आहे. हुक कमिटच्या वेळी चालतो, म्हणजे कमिटनंतर चार ओळी बदलून कमिट न करता पीडीएफ काढली तरी तळाशी जुनाच हॅश छापतो, अगदी साळसूदपणे. चुकीच्या शिक्क्यापेक्षा शिक्का नसलेला परवडला. म्हणून आता कंपाइल करायच्या (पीडीएफ बनवायच्या) आधी मेकफाइलमधून, म्हणजे ठरलेल्या कमांड क्रमाने चालवणाऱ्या फाइलीतून, गिट डिस्क्राइब ही सध्याच्या कमिटची ओळख सांगणारी कमांड चालवते, ऑलवेज आणि डर्टी हे दोन्ही ऑप्शन देऊन, आउटपुट एका ओळीच्या टेक्स फाइलीत, आणि ती फूटरमध्ये इनपुट. काही बदल कमिट करायचे राहिले असतील तर हॅशच्या मागे डर्टी असं चिकटून येतं, तशी प्रिंट सरांकडे जातच नाही. ती एका ओळीची फाइल मात्र गिटमध्ये ॲड करायची नाही हं, नाहीतर ती स्वतःच दरवेळी बदलणार आणि कायम डर्टी दिसणार; चुकून ॲड होऊ नये म्हणून गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकायची. आणि नवीन आकृतीची फाइल गिटमध्ये ॲड करायची राहिली असेल तर डर्टी येत नाही, ट्रॅक न केलेल्या फाइली तो मोजतच नाही, तेवढं गिट स्टेटस डोळ्यांनी बघावं लागतं.

सर आता करेक्शनच्या मेलमध्ये तळाचा हॅश लिहितात, मी त्या कमिटवर लेटेकडिफ (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारं साधन) चालवून काय बदललं त्याची पीडीएफ पाठवते. समीकरणावरून वाद अजून होतात, पण ते गणितावरून.