बारशी लाईटच्या मागावर : सायकलने मिरज ते ढालगाव

मिरज जंक्शनात एके काळी तीन रुंदीचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचं ब्रॉडगेज, बेळगावकडचं मीटरगेज आणि पंढरपूरमार्गे कुर्डुवाडीला जाणारं अडीच फुटी नॅरोगेज. हे तिसरं म्हणजे बारशी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली बार्शीपासून सुरू केलेली ही लाईन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. आता तिथे ब्रॉडगेज आहे. बहुतेक जुनी वाट नव्या रुळांखाली गेली, पण जिथे वळणं सरळ केली तिथे जुन्या भरावाचे तुकडे बाजूला सुटले आहेत. ते तुकडे, गाडीवाटा आणि शेतरस्ते जोडत मी आणि माझा मित्र द्राक्षांच्या हंगामात ढालगावपर्यंत सायकल मारत गेलो.

रेल्वेच्या वाटेचा चढ पायांना जाणवतो तो असा की जाणवतच नाही. इंजिनाला खडी चढण झेपत नाही. त्यात ही हलकी लाईन, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही अशा बेताने आखलेली. डोंगर फोडायला पैसा नको म्हणून ती जमिनीच्या कलाने वळसे घेत गेली. शेजारच्या हमरस्त्यावर ट्रक गिअर बदलत होते आणि आम्ही जुन्या भरावावरून गप्पा मारत चाललो होतो. श्वास लागला नाही, आणि आजूबाजूला काय बदलतंय ते नीट बघता आलं.

बदलतं ते पाणी. मिरजेतून निघाल्यावर आरग-बेडगच्या भागात पानमळे लागतात. शेवरी-शेवग्यावर चढलेले नागवेलीचे वेल, आत शिरल्यावर दुपारीसुद्धा गार वाटतं. बेळंकी, सलगरेपर्यंत जाईस्तोवर माळ दिसायला लागतो, काळ्या रानाची जागा मुरमाड जमीन घेते. पन्नास वर्षांपूर्वी इथे शाळू आणि बाजरीशिवाय फार काही नव्हतं, असं लोक सांगतात. आज दोन्ही अंगाला द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड. म्हैसाळला कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने पंप करत या माळावर चढवलंय. आम्ही जो चढ सायकलवर विसरून गेलो होतो, तोच पाण्याला विजेच्या जोरावर चढावा लागतो. कालव्याकाठी उभं राहिल्यावर ही गोष्ट मला पहिल्यांदा अंगात शिरली.

एका शेडपाशी थांबलो. हिरव्या जाळीखाली एकावर एक रॅक, त्यावर द्राक्षं पसरलेली. द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून काढतात. त्याने सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि पाणी लवकर उडतं. ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र आरपार पाहिजे. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार. निवडायला बसलेल्या बायकांनी ओंजळभर हातावर ठेवला. "खावा की, पैसं न्हाईत घेत," एक मावशी म्हणाल्या. असला ताजा, अजून मऊसर बेदाणा दुकानात मिळत नाही.

सलगऱ्याच्या पुढे फाटकाजवळच्या लिंबाखाली एक आजोबा बसले होते. सायकली बघून त्यांनीच हाक मारली.

"काय वो पावणं, कुठनं आलासा?"

मिरजेहून, म्हटलं. जुन्या रेल्वेच्या वाटेनं.

"मग बसा की वाईच."

त्यांनी बारशी लाईट पाहिली होती, तीतून आषाढीला पंढरपूर केलं होतं. पण त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मिरजेतून पाण्याची रेल्वे याच मार्गाने गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची गाडी. आजोबा कुंपणाशी उभे राहून ती मोजत. "आमचाबी वढा कोरडाच हुता त्या साली," ते म्हणाले, "पर वाईट न्हाई वाटलं. तान्हेल्याला पाणी चाललंय म्हटल्यावर काय वाटायचं?" मी वहीत लिहून घेतलं ते तिथेच, त्यांच्यासमोर.

कवठे महांकाळच्या भागात अग्रणी नदी लागते. पात्र लहान, पण तिच्या काठची विहिरीवरची शेती बघण्यासारखी आहे. गावात जेवलो, मटकीची उसळ आणि भाकरी, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. पुढे लंगरपेठ, आणि मग ढालगाव. वाटेत वाकडी वाट करून आरेवाडीला बिरोबाच्या बनात गेलो. दूरदूरचे धनगर इथे यात्रेला येतात. एरवी बन शांत असतं आणि सावली दाट, या माळावर तेवढी सावली दुसरीकडे सापडत नाही.

ढालगावच्या आसपास कृष्णेचं खोरं संपत येतं. पुढे सांगोल्याकडचं पाणी माण नदीला मिळतं आणि माण भीमेला. नकाशावर हे मी आधी पाहिलं होतं, सायकलवर मात्र दोन खोऱ्यांमधला तो उंचवटा इतका सपाट आहे की ओलांडला कधी ते कळू नये.

तुम्हाला जायचं असेल तर दोनच गोष्टी. चालू रुळांच्या हद्दीत पाऊल टाकू नका, शेजारचे गाडीरस्ते भरपूर आहेत. आणि टायरमध्ये सीलंट, म्हणजे पंक्चर आतूनच बुजवणारं द्रावण, भरून घ्या, कारण भरावावर सराटे आणि बाभळीचे काटे पडलेले असतात. परतीला द्राक्षाचे टेम्पो मिरजेकडे जात असतात, विचारलं तर सायकलीसकट घेतात.

जुन्या भरावाचे सुटलेले तुकडे दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहेत. कुठे नांगर फिरतो, कुठे मुरूम उचलून नेतात. दगडी मोऱ्या मात्र अजून भक्कम आहेत. काटे काढले, मुरूम दाबला आणि दर स्टेशनाच्या गावात नावाची पाटी लावली, तर मिरजेपासून पंढरपुरापर्यंत सायकलची वाट होऊ शकते. वाटेवरच्या ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावं, असं मला फार वाटतं. गावोगावच्या सायकलवाल्यांनी श्रमदानाला यावं, मी येईन.