राइट क्लिक, रिफ्रेश

परवा दुपारी एक साधं पत्र टाइप करायचं होतं. पीसी चालू केला, पासवर्ड टाकला, डेस्कटॉप आला, आयकॉन रमतगमत एकामागून एक उगवले आणि माझा हात आपसूक कामाला लागला. राइट क्लिक, रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश. राइट क्लिक, रिफ्रेश. वर्डचा आयकॉन समोर होता, पण आधी हे.

भाची शेजारी उभी होती. मोबाइलवर वाढलेली पिढी. तिने विचारलं, "मावशी, ह्याने काय होतं गं?"

"फ्रेश होतो जरा."

"कोण?"

आता काय सांगणार! रिफ्रेशने काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या फोल्डरमधले आयकॉन पुन्हा एकदा काढून दाखव, एवढाच निरोप विंडोजला जातो. रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, रिकामी होत नाही, प्रोसेसरला हुशारी येत नाही. उलट बिचाऱ्याला तेच आयकॉन पुन्हा रंगवत बसावं लागतं. तरीही आपण करतो. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला आपण दर पाच मिनिटांनी हात लावतो, तसंच हे. ताप उतरत नाही, पण लावल्यावाचून राहवतही नाही. आणि जे लोक रिफ्रेश न करता थेट कामाला लागतात ना, त्यांच्याबद्दल माझं मत जरा राखूनच असतं.

पीसी म्हातारा झालाय, असं घरात सगळे म्हणतात. मला तो आरोप वाटतो. प्रोसेसर काही गुडघे दुखतात म्हणून हळू चालत नाही. घेतला त्या दिवशी सेकंदाला जेवढी कोटी आवर्तनं घेत होता तेवढीच आजही घेऊ शकतो. फरक आपण त्याच्यापुढे टाकलेल्या ओझ्यात पडलाय. विंडोज ९५ ला कमीत कमी ४ एमबी रॅम लागायची, विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते. म्हणजे हजारपट, आणि तेही फक्त उभं राहण्यापुरतं. पत्र मात्र आपण तेवढंच लिहितो, 'सप्रेम नमस्कार' पासून 'कळावे' पर्यंत. पास्कल ही भाषा बनवणाऱ्या निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवलंय की हार्डवेअर जेवढ्या झपाट्याने वेगवान होतं, त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावत जातं. म्हणणं मुळात मार्टिन रायझर यांचं, हेही त्यांनीच नमूद केलं. ब्राउझरमध्ये एका वेळी उघड्या ठेवलेल्या टॅबांकडे बघताना मला या दोघांची आठवण येते. टॅब बंद करत नाही मी, ती गोष्ट वेगळी. लागेल कधीतरी.

पीसी फास्ट करण्याचा खरा सोहळा आमच्या लहानपणी होता, त्याचं नाव डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फाइलींची आवराआवर. विंडोज ९८ मध्ये ते सुरू करून 'शो डिटेल्स' दाबलं की सगळा स्क्रीन रंगीत चौकोनांनी भरून जायचा. एकेक चौकोन म्हणजे डिस्कचा एकेक तुकडा. इकडचा चौकोन उचलायचा, तिकडे न्यायचा, मध्ये जागा करायची, पुन्हा दुसरा उचलायचा. मागे हार्ड डिस्कची कुरकुर चालू. दादा आणि मी खुर्च्या ओढून समोर बसायचो आणि बघत राहायचो. टीव्हीवर काहीतरी चांगलं चालू असलं तरी हे सोडून उठवत नसे. आता वरची ओळ पूर्ण होणार, आता तो एकटा पडलेला चौकोन हलणार, अशा आमच्या पैजा लागायच्या. तो एकटा चौकोन कधीच हलत नसे. काही फाइली जागच्या हलवता येत नाहीत, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हाला तो नुसता हट्टी वाटायचा.

आणि त्या वेळात कुणी माऊसला हात लावायचा नाही, असा दादाचा कडक नियम. तो उगाच नव्हता. मध्येच कुठल्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं की 'ड्राइव्हमधला मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात करत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य यायचं आणि टक्के थेट शून्यावर. स्क्रीनसेव्हर चालू झाला तरी पुरायचं. एकदा ऐंशीच्या पुढे टक्के गेलेले असताना बाबा आले, "काय चाललंय?" म्हणत त्यांनी सहज माऊस हलवला आणि दादा असा ओरडला की आई दुसऱ्या खोलीतून धावत आली. नुसता माऊस हलवल्याने काही झालं नव्हतं. पण बाबा त्यानंतर कितीतरी दिवस पीसीजवळून जाताना हात मागे बांधून जायचे.

डीफ्रॅग झाल्यावर पीसी खरंच फास्ट व्हायचा का? थोडा व्हायचा असणार. एकाच फाइलचे तुकडे डिस्कवर दहा ठिकाणी विखुरलेले असले की वाचणारा दांडा दहा ठिकाणी पळतो, ते एका जागी आणले की पळापळ वाचते. आम्हाला मात्र तो नेहमीच खूप फास्ट झालेला दिसायचा. दादा स्टार्ट मेनू उघडून बंद करून दाखवायचा, "बघ, बघ कसा उघडतोय!" पुढे एक्सपीत त्या चौकोनांच्या नुसत्या रंगीत रेघा झाल्या आणि व्हिस्टापासून त्याही गेल्या. हल्ली ते काम विंडोज परस्पर आठवड्याला उरकून टाकतं, विचारतही नाही. सोय झाली हे मान्य. पण बघायला काही ठेवलं नाही.

त्याच दादाच्या एका मित्राच्या घरी त्याहून जुना पीसी होता, त्याच्या पेटीवर 'टर्बो' असं लिहिलेलं बटण होतं. आम्हाला त्या बटणाचा भयंकर हेवा. दाबलं की गाडी सुसाट सुटत असणार! नंतर वाचलं तेव्हा गंमत कळली. ते बटण असायचं पीसी हळू करायला. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चालायचा आणि त्या काळच्या काही गेम त्याच चालीवर बेतलेल्या होत्या. पुढच्या वेगवान पीसीवर त्या अशा धावायच्या की खेळणाऱ्याला बोट हलवायलाही सवड मिळायची नाही. म्हणून टर्बो बंद करून पीसीला मुद्दाम जुन्याच्या चालीवर आणायचं. वेग जास्त झाला म्हणून लोक अडचणीत येत होते, असाही एक काळ होऊन गेला.

बाकी पीसी फास्ट करण्याचं वैद्यकशास्त्र प्रत्येक घरात एक तरी माणूस जाणतो. स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये जाऊन 'टेम्प' टाइप कर, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर उघडेल, सगळं सिलेक्ट करून उडव. मग 'प्रीफेच' टाइप कर, तेही उडव. डेस्कटॉपवर फोटो ठेवू नकोस. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये, म्हणूनच. यातली शेवटची तक्रार अगदी खोटी नाही, सी ड्राइव्ह गच्च भरला की विंडोजला तात्पुरतं लिहायला जागा उरत नाही. पण प्रीफेचचं दुखणं उलटं आहे. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कोणकोणत्या फाइली मागतो याच्या नोंदी विंडोज एक्सपीपासून त्या फोल्डरमध्ये ठेवतं, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून. त्या उडवल्या की पुढची सुरुवात आणखी सावकाश. तरी उडवताना बरं वाटतं, हे मी नाकारणार नाही. इतक्या फाइली गेल्या म्हणजे काहीतरी हलकं झालंच असणार!

या बरं वाटण्यावर धंदेही झाले. १९९५ मध्ये 'सॉफ्टरॅम' नावाचं सॉफ्टवेअर निघालं होतं. रॅम विकत घेऊ नका, आम्ही आहे तीच दुप्पट करून देतो, असा दावा. लाखो प्रती खपल्या. विंडोज ९५ मध्ये ते रॅम तसूभरही वाढवत नाही असं उघडकीला आलं आणि प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. तोवर कितीतरी जणांनी ते टाकून 'फरक पडला हो' म्हणून शेजाऱ्याला सांगितलं असेल. मी असते तर मीही सांगितलं असतं.

आणि सगळ्या औषधांवरचं रामबाण औषध म्हणजे "फॉरमॅट मार." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. हा दादाचा सल्ला. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मार. आवाज येत नाही, फॉरमॅट मार. दादा आता दुसऱ्या शहरात असतो, फोनवरून मारायला सांगतो.

भाचीला पत्राचा कंटाळा येऊन ती निघून गेली, मी मात्र पत्र सोडून पीसीच्याच मागे लागले. आधी पेटीचं एका बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ज्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यावर राखाडी धूळ बसली होती. बसली होती म्हणजे कशी, कोपऱ्यात नखाने उचकटली तर चौकोनी तुकडा सलग निघून हातात आला, पट्ट्यांच्या रेघा उमटलेला. वारा जाणार कुठून! आणि प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपली चाल स्वतःच कमी करतो. हे एक झालं.

मग पीसीत कोण किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. डिस्कच्या रकान्यात लालभडक १०० टक्के आणि तपशिलात वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक एमबी. ज्यांच्याकडे अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे त्यांना हे दृश्य पाठ असेल. शंभर टक्के राबून एवढंच? पण हिशेब चोख आहे. डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला आठ मिलिसेकंद. हवी ती जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं आणि त्याआधी दांड्याने योग्य वर्तुळावर पोचायला आठ-दहा मिलिसेकंद घ्यायचे. अशाने सेकंदाला ऐंशीएक ठिकाणांहून वाचून होतं. चालू होताना विंडोजला हजारो बारीकसारीक गोष्टी हव्या असतात, त्यात मेल, मेसेंजर, प्रिंटर, अपडेट असे सगळे एकाच वेळी 'आधी माझं, आधी माझं' करत असतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात तबकडीच नाही, दांडाही नाही, त्यामुळे ती सेकंदाला अशा हजारो जागा वाचते. जुन्या पीसीत एसएसडी टाकली की तो नवा झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. या एकाच औषधाबद्दल माझी काही कुरकुर नाही.

तेव्हा एसएसडी टाकायचं ठरलं. टाकण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत बघावी म्हणून तिचा स्मार्ट अहवाल काढला. डिस्क स्वतःबद्दलच्या नोंदी स्वतःच ठेवत असते, फक्त आपण कधी विचारत नाही. इतर ओळी ठीक होत्या. 'पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य हवं होतं, तिथे शून्य नव्हतं.

म्हणजे काही जागा तिला वाचता येत नव्हत्या. अशी जागा आली की डिस्क लगेच हार मानत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघते. तेवढा वेळ सगळं थिजतं, माऊससुद्धा. जुन्या फोटोंचं फोल्डर उघडलं की पीसी का हँग होतो आणि मी रिफ्रेश का करत बसते, ते आता कळलं. मग वेगबिग सगळं बाजूला ठेवलं, बाहेरची एक डिस्क जोडली आणि कॉपीला लावलं. उरलेला वेळ चार तास, मग अकरा मिनिटं, मग दोन तास असा जात-येत होता.

तेवढ्यात दादाचा फोन. पीसीचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "किती वर्षं सांगतोय, फॉरमॅट मार."

"तुझं फोल्डर आहे ह्यात. 'दादा इम्पॉर्टंट' नावाचं."

"कुठलं? कॉलेजचं? बाबांचे व्हिडिओ आहेत त्यात."

"हो, तेच. निम्मं आलंय. एका फाइलवर अडकलंय मघापासून."

"कॅन्सल नको करूस," दादा म्हणाला. "कितीही वेळ लागू दे."