लिलावात जिंकायचा पाठलाग

व्हिक्टरी गेम्सने १९८३ साली काढलेला 'जेम्स बाँड ००७' हा भूमिकाखेळ (पात्रांच्या भूमिका घेऊन टेबलाभोवती फाशांनी खेळायचा खेळ) आता छापला जात नाही याची मला मनापासून खंत वाटते, कारण मोटारींच्या पाठलागाचा इतका रंगतदार नियम मी क्वचितच पाहिला आहे. पाठलाग सुरू झाला की दोन्ही बाजू चढाओढीने काम अधिकाधिक अवघड करणारी बोली लावतात. पात्राच्या मूळ क्षमतेला सुलभतेच्या गुणकाने गुणले की यशाची टक्केवारी मिळते, आणि बोली हा गुणक खाली आणते: मूळ क्षमता १४ असेल, तर ५ या गुणकाला यशाची शक्यता ७० टक्के असते आणि बोली २ पर्यंत उतरली की ती २८ वर येते. आधी चाल कोणी करायची हे बोली जिंकणारा ठरवतो, परंतु त्या अवघड गुणकावर फासे मात्र दोघांनाही टाकावे लागतात. पुढे बाँडचे नाव वापरण्याचा परवाना संपला आणि खेळ थांबला. नाव बदलावे लागले तरी चालेल, पण हा लिलाव पुन्हा छापून यायला हवा.