पेत्रानं कापलेला कान

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या घरी प्रार्थना होती, दहाबारा माणसं, एक पेटी, बास. आणि चार पोरं गेटाशी येऊन उभी, कुणाला बाटवताय म्हणून. आमच्या ह्यांनी आत या, चहा घ्या म्हटलं, तर त्यांनी मोबाईल काढून शूटिंगच सुरू केलं. तुम्ही मूळचे कुठले असंही विचारलं! लंडन मिशन, म्हणजे विलायतेची ख्रिस्ती मिशनरी संस्था, बेळगावात 1820 ला आलं, माझ्या आजीचं आजोळपण इथलंच, पण सांगणार कुणाला. मी गप्प बसले. एवढ्यात समोरच्या आक्कांनी दार लावून घेतलं, आणि खरं सांगू, पोरांपेक्षा ते दार जास्त लागलं.

कारण आक्कांच्या मालकांचं आठवड्यात दोनदा डायलिसिस असतं आणि त्या दोन्ही दिवशी डबा माझ्याकडनं जातो. आता आमच्याकडं कर्नाटकात आमिष दाखवून धर्म बदलायला लावण्याविरुद्ध कायदा झालाय, डिसेंबर 2021 ला इथंच सुवर्ण विधानसौधात विधानसभेनं बिल पास केलं, 2022 ला ते लागू झालं, आणि त्यात आमिष म्हणजे काय त्या यादीत भेटवस्तूपण आहे. जून 2023 ला नव्या मंत्रिमंडळानं कायदा मागं घ्यायचं ठरवलं म्हणे, पण गल्लीतल्या कुजबुजीला कुठलं मंत्रिमंडळ? मग माझी भाजी-भाकरी आमिष काय?

तेव्हापासून मी डबा देताना येशूचं नाव काढत नाही. कायद्याला भिऊन नव्हे हं. नवरा मशीनवर असताना त्या बाईला मला नको म्हणताच येणार नाही, आणि नको म्हणता येत नसेल तर ती सुवार्ता कसली, ती वसुलीच की. आमच्यातलेपण काहीजण आहेत, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची, गोळ्या बंद करा म्हणायचं, त्यांचे व्हिडिओ आले की मला त्या पोरांपेक्षा ह्यांचाच राग येतो. ह्यांनी पेटवायचं आणि निस्तरायचं आम्ही.

चार दिवसांनी आक्का स्वतःच आल्या, हातात कढीपत्ता. दाराचं काही बोलल्या नाहीत, मीपण काढलं नाही. मग म्हणाल्या, "तू त्या पोरांना काहीच कसं बोलली नाहीस गं?"

विचारलं म्हणून सांगितलं. म्हटलं आक्का, आमच्यात येशूचा एक शिष्य होता, पेत्र, येशूला धरायला लोक आले तर ह्यानं तलवार काढून महायाजकाच्या नोकराचा कानच उडवला. आणि म्हातारपणी त्याच पेत्रानं पत्र लिहिलं, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यपणानं.

"आणि कान?"

"येशूनं तिथंच हात लावून बरा केला."

"धरायला आलेल्याचा?"

"त्याचाच."

आक्का जरा वेळ कढीपत्त्याची पानं ओरबाडत बसल्या. मग उठल्या, "माझा कुकर तुझ्याकडंच राहिलाय बघ," म्हणाल्या आणि कुकर घेऊन गेल्या.