वाखेनिंगनला पोस्टहार्वेस्ट शिकायला जाताय? आधी फळाचं कॅलेंडर बघा

एक्स्चेंजला जायचं असेल तर सप्टेंबरात जा, फेब्रुवारीत नको. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, मी निव्वळ नशिबाने बरोबर वेळेला पोचले. मी गेले होते नेदरलँड्सला, वाखेनिंगन युनिव्हर्सिटीत, एक सेमिस्टर, पोस्टहार्वेस्ट म्हणजे काढणीनंतरचं हॉर्टिकल्चर शिकायला. फॉर्म भरताना सगळे रँकिंग बघतात, क्रेडिट बघतात, फळ कधी तोडतात हे कोणी बघत नाही. तिकडे सफरचंद आणि पेअरची मुख्य तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, एल्स्टार सफरचंद, कॉन्फरन्स पेअर, त्यामुळे सुरुवातीलाच पोचलात तर झाडावरचं फळ, तोडणी, थंड करणं, स्टोअरचं दार बंद होणं असं सगळं ओळीने बघायला मिळतं. फेब्रुवारीत जे फळ हातात येतं ते चार-पाच महिने कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेलं असतं. त्यावरही शिकता येतंच, पण अर्धी गोष्ट आधीच होऊन गेलेली असते. तुमचा विषय ग्रीनहाऊसमधला टोमॅटो किंवा कट फ्लॉवर असेल तर मात्र कधीही गेलात तरी चालेल.

कागदपत्रांचं पटकन उरकते. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर आपल्याला एमव्हीव्ही नावाचा एन्ट्री व्हिसा आणि रेसिडेन्स परमिट लागतं, त्याचा अर्ज युनिव्हर्सिटीच तिकडच्या इमिग्रेशन खात्याकडे करते, तुम्ही फक्त मागितलेला कागद त्याच दिवशी पाठवायचा, उद्या बघू म्हणालात की रांगेत मागे पडलात. जन्मदाखला अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र) करून बरोबर ठेवा, पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवताना लागतो आणि त्या नोंदणीतूनच बीएसएन म्हणजे तिकडचा नागरिक सेवा क्रमांक मिळतो. खोली मात्र सगळ्यात आधी शोधायला लागा. मला एकाने छान फोटो पाठवून दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं, मी भरणारच होते, एक सिनिअर ताई म्हणाली, "अगं, व्हिडिओ कॉलवर खोली दाखव म्हण त्याला", आणि तो इसम जो गायब झाला तो आजतागायत. हो, आणि वाखेनिंगनला रेल्वे स्टेशनच नाहीये, एडे-वाखेनिंगनला उतरायचं आणि पुढे बस.

आता अभ्यास. वर्षाचे ६ पिरियड असतात, पहिला ८ आठवड्यांचा, त्यात दोन कोर्स, एक सकाळी एक दुपारी. ६ आठवडे वर्ग, १ आठवडा स्वतः वाचायला, १ आठवडा परीक्षा, संपलं. एक क्रेडिट म्हणजे २८ तासांचं काम असा तिकडचा हिशोब आहे, म्हणजे ६ क्रेडिटच्या कोर्सला १६८ तास, आणि ते खरंच लागतात. आर नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर जाण्याआधी शिकून घ्या, निदान डेटा लोड करून अनोव्हा (गटांच्या सरासरीतला फरक तपासायची पद्धत) लावता यायला हवं. तिथे ते वेगळं शिकवत बसत नाहीत, मी पहिले दहा दिवस रात्री जागून तेच करत होते.

प्रॅक्टिकलबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण खरी मजा तिथेच आहे. पहिल्या दिवशी पेनेट्रोमीटर, म्हणजे फळाचा कडकपणा मोजायचं यंत्र, हातात दिला. सफरचंदाला ११ मिमीचा प्लंजर (फळात दाबायचा दांडा), पेअर आणि किवीला ८ मिमीचा. फळाच्या दोन समोरासमोरच्या गालांवर सालीची पातळ चकती काढायची आणि खुणेपर्यंत एकसारखा जोर देत दाबायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? आम्ही तिघांनी एकाच ट्रेमधली फळं दाबली आणि तिघांची तीन उत्तरं. मी घाईने खचकन दाबत होते, माझे आकडे सगळ्यात वर. मग ठरलं की पूर्ण प्रयोगभर एकच माणूस दाबणार, बाकीचे साल काढणार आणि लिहिणार. दुसरी आयोडीनची टेस्ट, सफरचंद मधोमध आडवं कापून आयोडीनच्या द्रावणात बुडवायचं, जिथे स्टार्च शिल्लक तिथे निळंकाळं होतं. फळ पाडाला येतं तसा स्टार्च गाभ्यापासून बाहेरच्या बाजूला संपत जातो, त्यामुळे मधे पांढरी फुली उमटते आणि ती रोज थोडी मोठी दिसते. एकाच बागेतली आठ दिवसांच्या अंतराने तोडलेली फळं शेजारी ठेवून बघा, पुस्तकातली चार पानं वाचायची गरज नाही. (आयोडीनचे डाग कपड्यावर पडले की गेलेच, जुना कोट न्या.)

आता माझा गाढवपणा. किवीवर प्रयोग होता, एका ट्रेला इथिलीन (फळ पिकवणारा वायू) द्यायचं, दुसरा तसाच कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी २० अंशाला ठेवायचा. शुक्रवारी संध्याकाळी घाईत मी कंट्रोलचा ट्रे जिथे जागा दिसली तिथे ठेवला, शेजारच्या फडताळात दुसऱ्या ग्रुपचे सफरचंदाचे क्रेट होते. सोमवारी सकाळी किवी उचलली तर अंगठा आत गेला! पिकणारं सफरचंद भरपूर इथिलीन सोडतं आणि किवीला हवेत ०.१ पीपीएम (दहा लाखात ०.१ भाग) असलं तरी पुरतं. एक नासका आंबा आढी नासवतो हे लहानपणापासून ऐकलेलं, इथे तर नासकंसुद्धा नको होतं, चांगलं टवटवीत सफरचंद पुरलं. गाईड ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं ट्रे कुठे होता, शेजारी काय होतं, आणि तेच रिपोर्टमध्ये लिहायला लावलं. प्रयोग पुन्हा लावण्यात ८ आठवड्यांतला जवळजवळ एक गेला.

त्यानंतर इथिलीनचं लेक्चर मी कान टवकारून ऐकलं. १९०१ मध्ये नेल्युबोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीननेच वाटाण्याची रोपं वेडीवाकडी वाढतात, आणि फळ स्वतःच हा वायू बनवतं हे गेनने १९३४ मध्ये सिद्ध केलं. पिकणं लांबवायला आता वापरतात ते १-एमसीपी नावाचं रसायन इथिलीनच्या जागी फळातल्या रिसेप्टरवर (इथिलीन ओळखणाऱ्या जागेवर) जाऊन बसतं, म्हणजे वायू हवेत असला तरी फळाला त्याचा पत्ताच लागत नाही.

एक रविवार काढून सायकलवर ऱ्हाईनपलीकडे बेटुवेला नक्की जा, तो सगळा फळबागांचा पट्टा आहे, लेक्सकेस्फेअर नावाच्या बोटीत सायकलसकट चढता येतं. आम्ही कोर्समधून तिकडचं एक सीए स्टोअर (कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे आतली हवा ठरवून ठेवलेलं कोल्ड स्टोरेज) बघितलं. दाराला छोटी काच, आत सफरचंदाचे खोके छतापर्यंत, आणि ऑक्सिजन १-२ टक्के. आपण आत गेलो तर काही श्वासांत बेशुद्ध, फळाचा मात्र श्वास नुसता मंदावतो आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. ऑक्सिजन अजून खाली नेला तर फळ आंबायला लागतं, दारूसारखा वास येतो, म्हणून काही स्टोअरमध्ये फळाच्या सालीचा फ्लुरोसन्स (प्रकाश टाकल्यावर सालीतून परत येणारा मंद उजेड) मोजत राहतात आणि त्रास सुरू झाल्याची खूण दिसली की ऑक्सिजन थोडा वर घेतात. मालकांना प्रश्न विचारा, ते लोक तासभर बोलतात. मी विचारलं दार उघडल्यावर आधी काय बघता, तर म्हणाले, "वास".

केळी, आंबा यांच्यात काम करायचं असेल तर जाण्याआधीच ईमेल करून प्रोजेक्ट मागून घ्या, गेल्यावर सुचलं तर उशीर होतो. केळं १३ अंशाच्या खाली गेलं की साल राखाडी पडते, त्यामुळे सफरचंदाच्या ० ते १ अंशाच्या खोलीत ते ठेवताच येत नाही, त्याला वेगळी खोली लागते आणि त्या खोल्यांचं बुकिंग आधीच झालेलं असतं.

शेवटचं म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, तिकडचे कोर्स इकडे क्रेडिट म्हणून धरायचा करार. प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसची पीडीएफ, तासांचा हिशोब आणि ग्रेडची पद्धत (१० पैकी, ५.५ ला पास) असं सगळं जाण्याआधीच आपल्या विभागाकडून सही-शिक्क्यासकट मंजूर करून घ्या. मी एका कोर्सचं तोंडी विचारलं होतं, "हो हो होईल" म्हणाले. परत येऊन पाच महिने झाले, ते ६ क्रेडिट अजून प्रोसेसमध्ये आहेत.