घराची परवानगी: आधी मोजणी, मग नकाशा

नगरपरिषद हद्दीत घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की इंजिनिअरकडून नकाशा काढून घेण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा, म्हणजे जागेच्या हद्दी खुणांनिशी पक्क्या करून देणाऱ्या सरकारी मोजणीचा, अर्ज टाका.

आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र दोन आर, म्हणजे 200 चौरस मीटर. भूकरमापकांनी खुणा दाखवल्या, तेव्हा मागच्या कोपऱ्यात शेजारच्या काकांची भिंत आमच्या हद्दीत आलेली निघाली. ताब्यातलं क्षेत्र भरलं 194 चौरस मीटर. काका भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, ही आमच्या वडिलांच्या वेळची आहे." वाद काढला तर घर राहील बाजूला, म्हणून आहे त्या जागेवर बांधायचं ठरलं.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे सातबारा, मोजणी आणि प्रत्यक्ष जागा यांत जे क्षेत्र कमी, तेच धरतात. मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, 1.10. म्हणजे 220 ऐवजी 213.4 चौरस मीटर बांधकाम. साडेसहा चौरस मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण आमची आईसाठीची खालची बाथरूम तेवढ्यातच बसत होती. नकाशा व्हायच्या आत हे कळलं म्हणून ती वाचली. कात्री वरच्या खोलीला लागली.

पुढे सातबारा, मोजणीची 'क' प्रत (अर्जदाराला मिळणारा मोजणी नकाशा), झोन दाखला, सगळं ऑनलाइन चढवलं. जिना सामासिक अंतरात, म्हणजे घर आणि हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, येतोय अशी त्रुटी निघाली, ती इंजिनिअरनी दुरुस्त केली. शुल्काचं चलन किती येईल ते मात्र आधीच विचारून ठेवा. विकास शुल्काशिवाय बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर असतो (ठराविक खर्चाच्या आतल्या स्वतःच्या घराला तो नाही), आणि बजेटमध्ये तो कुणीच धरत नाही.

जोत्याला मिस्त्री घाईला आले होते. "मॅडम, कॉलम भरून घेऊ, जोत्याचा दाखला काय मागून येईल." मी काम थांबवलं. इंजिनिअरनी चारी बाजूंची अंतरं टेप लावून मोजली, जोते तपासणी झाली, मगच वरचं काम सुरू केलं. जोत्यात चूक असेल तर तिथेच निस्तरता येते. स्लॅब टाकल्यावर तोडफोडीशिवाय मार्ग नसतो.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे घर मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याच्या नगरपरिषदेच्या दाखल्याशिवाय, राहायला जाणारे खूप आहेत. ते मला मुळीच पटत नाही. पुढे कर्ज काढताना किंवा घर विकताना पहिला प्रश्न भोगवटा प्रमाणपत्राचाच येतो. आमच्या दोन खिडक्या कामात सरकल्या होत्या, त्यामुळे प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे नकाशा पुन्हा द्यावा लागला. भोगवटा हातात पडल्यावरच सामान हलवलं.