जस्त-लोखंडाचा न जुळणारा हिशोब

कोकणातल्या आमच्या पडवीवरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा गंजतो तो आधी कापलेल्या कडेला. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तीच कड घेतली. तुकडा इपॉक्सी राळेत उभा बसवून कड पॉलिश केली. मध्ये 0.8 मिलिमीटर लोखंड, दोन्ही बाजूंना जस्ताची जेमतेम 20 मायक्रोमीटरची रेघ. त्यावर मिठाचं पाणी आणि पाण्यात, धातूपासून 100 मायक्रोमीटरवर, थरथरणारी प्लॅटिनम-इरिडियमची सुई. ओळीओळीने फिरत, वरखाली होताना ती विभवातला, म्हणजे विद्युत दाबातला, फरक टिपते. त्याला पाण्याच्या वाहकतेची जोड दिली की प्रवाह निघतो. नकाशात बाहेर निघणारा प्रवाह लाल, आत शिरणारा निळा: जस्तावर लाल, लोखंडावर निळं. पहिला नकाशा बघून मी भलतीच खूश!

मग बेरीज केली. तुकडा बाहेर कशालाच जोडलेला नाही. म्हणजे जस्तातून निघेल तेवढाच प्रवाह लोखंडात शिरायला हवा. माझं लाल दरवेळी कमी पडायचं.

एका टोकाला लाल जरा फिकटही होतं, म्हणून आधी संशय तिरकेपणावर. 5 मिलिमीटरात 50 मायक्रोमीटरचा उतार निघाला. रेघेपासून सुई दीडपट लांब गेली की आकडा दोन-तृतीयांशावर येतो. स्टेजचे स्क्रू फिरवण्यात अख्खी दुपार गेली. टोकं सारखी झाली, बेरीज मात्र जिथल्या तिथे.

"अगं, स्कॅनची चौकट केवढी घेतलीस?" मॅडमनी विचारलं.

"पत्र्याएवढीच."

"मग बाहेर गेलेला कोण मोजणार?"

जस्त अगदी काठावर. तिथला प्रवाह वर येईपर्यंत फाकतो आणि बराचसा इपॉक्सीच्या डोक्यावरून जातो. वेळ वाचवायला तो भाग मीच छाटला होता! दोन्हीकडे मिलिमीटरभर जागा सोडली आणि हिशोब जवळपास जुळला. आता स्कॅन लांबला. शेवटच्या ओळीपर्यंत जस्तावर बुरशीसारखा पांढरा गंज धरलेला असायचा. म्हणजे एकाच नकाशात दोन वेगळ्या वेळा. त्यावर अजून धड उपाय नाही, ओळी थोड्या विरळ घेते.

सगळ्यात फसवी चूक बेरजेत दिसलीच नाही. संध्याकाळी पाणी खुणेच्या खाली गेलेलं दिसलं. दिवसभर पंखा चालू, पाणी उडालं, मीठ दाट झालं, वाहकता वाढली. हिशोबात आकडा सकाळचाच. लाल-निळं दोन्ही सारखंच कमी येत होतं, मग बेरीज जुळणारच की!

आता वाहकता स्कॅनच्या आधी आणि नंतर मोजते. पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. मे महिन्यात ती कुणीतरी काढतंच.